लॉटरीची तिकिटे एकगठ्ठा घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चतुर्थीच्या आधी बोनस हातात पडतो आणि दिवाळीचे बंपर स्टॉलवर लागतात, त्या दिवसांत हे प्रश्न सर्वांत जास्त येतात. पणजीच्या कदंब स्थानकापासून म्हापशाच्या बाजारापर्यंत विचारणारे वेगवेगळे असले, तरी मुद्दा एकच असतो: एक-दोन तिकिटांनी काही होत नाही, मग गठ्ठाच घेतला तर? उत्तरे एकाच मांडलेल्या उदाहरणावर दिली आहेत. ते उदाहरण प्रश्न २ मध्ये आहे, म्हणून तो आधी वाचावा.

१. शंभर तिकिटे घेतली तर बक्षीस लागण्याची संधी खरंच शंभरपट होते का?

होते, बरोबर शंभरपट. पाच लाख तिकिटांच्या सोडतीत एका तिकिटाची संधी पाच लाखांत एक असते, शंभर तिकिटांची पाच हजारांत एक. इथपर्यंत स्टॉलवाला सांगतो ते खरे आहे.

मात्र पाच हजारांत एक म्हणजे किती लांब, ते पाहा. दर आठवड्याला शंभर रुपयांची शंभर तिकिटे घेत राहिलात, तर पहिले बक्षीस सरासरी पाच हजार आठवड्यांत एकदा, म्हणजे सुमारे ९६ वर्षांत एकदा लागेल. तेवढ्या काळात तिकिटांवर पाच कोटी रुपये गेलेले असतील. आपल्या उदाहरणात पहिले बक्षीस एक कोटीचे आहे.

२. तिकिटाच्या एका रुपयातून किती परत येतो, हे कसे काढायचे?

बक्षिसांचा तक्ता, एकूण छापलेली तिकिटे आणि तिकिटाची किंमत एवढे तीन आकडे लागतात. समजा तिकीट १०० रुपयांचे आहे. ए ते ई अशा पाच सिरीज आहेत आणि प्रत्येकीत ००००० ते ९९९९९ असे एक लाख नंबर आहेत. एकूण पाच लाख तिकिटे, विक्री पाच कोटींची. बक्षिसे अशी:

पहिले १ कोटी, एका तिकिटाला
दुसरे ५ लाख, दोन तिकिटांना
तिसरे १ लाख, पाच तिकिटांना
शेवटचे चार आकडे, असे १० नंबर: ५,००० रुपये, ५०० तिकिटांना
शेवटचे चार आकडे, असे १०० नंबर: ५०० रुपये, ५,००० तिकिटांना
शेवटचे दोन आकडे, असे १० नंबर: १०० रुपये, ५०,००० तिकिटांना

प्रत्येक ओळीत रक्कम गुणिले तिकिटे करा आणि बेरीज घ्या. ती २ कोटी १५ लाख येते. पाच कोटींनी भागली की रुपयामागे ४३ पैसे. हे उदाहरण आम्ही बनवलेले आहे, पण हाच हिशेब कुठल्याही खऱ्या तिकिटावर दहा मिनिटांत होतो. तक्ता तिकिटाच्या मागे किंवा त्या राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावर मिळतो. तो न पाहता गठ्ठा घेऊ नका, एवढे आम्ही कळकळीने सांगतो.

उरलेले पैसे विक्रेत्यांचे कमिशन, छपाई, राज्याचा वाटा आणि कर यांत जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून लॉटरीवर ४० टक्के जीएसटी आहे. तो छापील किमतीतच धरलेला असल्याने शंभराच्या तिकिटातले सुमारे २८ रुपये ५७ पैसे कराचेच असतात.

३. पण जास्त तिकिटे घेतली की काही ना काही लागतेच. मग तोटा कसा?

याच ठिकाणी बहुतेकांची फसगत होते. वरच्या सोडतीत एका सिरीजमधले सलग शंभर नंबर घ्या, समजा ४५६०० ते ४५६९९. त्यांत शेवटचे दोन आकडे ०० पासून ९९ पर्यंत प्रत्येकी एकदा येतात. काढलेले दहाही नंबर तुमच्या गठ्ठ्यात असणारच, म्हणजे दहा तिकिटांवर शंभर-शंभर रुपये अगदी पक्के. दहा तिकिटे लागली की घरात आनंद होतो. पण हातात आलेले असतात हजार, आणि गेलेले दहा हजार.

पुढे ५०० रुपयांचे बक्षीस सरासरी एक लागते. एकही न लागण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के आहे. ५,००० चे बक्षीस सरासरी दहा गठ्ठ्यांत एकदा. त्यामुळे नेहमीच्या आठवड्यात दहा हजारांतले हजार-दीड हजार परत येतात.

एक तिकीट घेणाऱ्याचे काय होईल ते सांगता येत नाही. हजार तिकिटे घेणाऱ्याचे बरेच नेमके सांगता येते, कारण संख्या वाढेल तसा निकाल सरासरीकडे सरकतो आणि इथे सरासरीच तोट्याची आहे. पाचही लाख तिकिटे घेतली तर अंदाजाचीही गरज नाही: पाच कोटी देऊन २ कोटी १५ लाख मिळतील, तेही आयकर कापायच्या आधी.

४. सलग नंबर घ्यावेत की ठिकठिकाणाहून सुटे?

सरासरी परतावा दोन्हींत सारखाच. सलग घेतल्यास लहान बक्षिसांची संख्या बांधील राहते (प्रश्न ३). सुटे घेतल्यास कधी चार लागतात, कधी सोळा. तपासायला मात्र सलग सोपे, आणि दोनशे तिकिटे असली की हा फरक मोठा असतो.

५. एकच नंबर सगळ्या सिरीजमध्ये घेतला, म्हणजे पूर्ण सेट, तर फायदा होतो का?

सेटमुळे सरासरी बदलत नाही, चढउतार वाढतो. शेवटच्या आकड्यांची बक्षिसे सगळ्या सिरीजना लागू असतात, म्हणून लागले तर पाचही तिकिटांवर लागते आणि हुकले तर पाचही जातात. पाच सिरीजमधून सलग वीस नंबरांचे सेट घेतले, म्हणजे तीच शंभर तिकिटे, तर शेवटच्या दोन आकड्यांचे एकही बक्षीस न लागण्याची शक्यता साधारण दहांत एक होते. सलग शंभर घेतल्यावर ती शून्य होती. पहिले बक्षीस एकाच सिरीजला जाते. काही सोडतींत त्याच नंबरच्या इतर सिरीजना सांत्वन बक्षीस असते; ते आहे का आणि किती, हे तक्त्यात पाहून घ्या.

६. एकाच सोडतीत शंभर तिकिटे बरी, की शंभर आठवडे एकेक?

पहिल्या बक्षिसाची संधी व्यवहारात तीच. काटेकोर हिशेबाने एकदम घेतल्यास ती केसभर जास्त असते, पण फरक दहा हजार भागांत एका भागाचा. पैशांच्या दृष्टीने मात्र दुसरा मार्ग पुष्कळ बरा. दहा हजार रुपये एका संध्याकाळी जाण्याऐवजी दोन वर्षांत जातात, आणि मधे कधीही थांबता येते.

७. परदेशात लोकांनी सगळे नंबर विकत घेऊन लॉटरी जिंकली असे ऐकतो. इथे का नाही जमणार?

ते प्रकार खरे आहेत. फेब्रुवारी १९९२ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात ४४ पैकी ६ आकडे ओळखायचे होते. एकूण जुळण्या ७०,५९,०५२, तिकीट एक डॉलरचे, बक्षीस २ कोटी ७० लाख डॉलर. स्टेफान मँडेल याच्या ऑस्ट्रेलियातल्या गटाने सगळ्या जुळण्या घ्यायचे ठरवले. दुकानांतून तिकिटे छापून घेताना वेळ संपला आणि सुमारे ५० लाखच हाती आली. विजयी जुळणी त्यांत निघाली म्हणून ते वाचले. एप्रिल २०२३ मध्ये टेक्सासात एका गटाने सुमारे २ कोटी ५८ लाख जुळण्यांपैकी जवळजवळ सगळ्या घेतल्या आणि एकरकमी ५ कोटी ७८ लाख डॉलर मिळवले. त्यावरून एवढा गदारोळ झाला की २०२५ मध्ये तिथला लॉटरी आयोगच बंद करून काम दुसऱ्या खात्याकडे दिले गेले. मॅसॅच्युसेट्समधल्या कॅश विनफॉल या खेळात, २००४ ते २०१२, मोठे बक्षीस २० लाख डॉलरच्या वर जाऊनही कुणाला लागले नाही, तर ती रक्कम खालच्या बक्षिसांत वाटली जायची. तेवढ्याच सोडतींत दोन डॉलरच्या तिकिटाची सरासरी किंमत दोन डॉलरच्या वर जायची, आणि विद्यार्थ्यांचे गट तेव्हाच तिकिटे उचलायचे.

तिन्ही ठिकाणी आधी हरलेल्यांचे पैसे साठत गेले होते. घाऊक घेणाऱ्यांनी तो साठा उचलला. आपल्याकडच्या कागदी तिकिटांच्या सोडतीत बक्षिसे आधीच ठरलेली असतात आणि न लागलेली रक्कम पुढच्या सोडतीत चढत नाही. ज्या घागरीत पाणी साठतच नाही, ती उपसून काय मिळणार?

८. पहिले बक्षीस विकलेल्या तिकिटांतूनच काढतात. मग विक्री कमी असेल तेव्हा गठ्ठा घेणे शहाणपणाचे नाही का?

आलेल्या प्रश्नांतला हा सर्वांत चांगला प्रश्न, कारण गणिताने इथे खरोखर एक फट आहे. मात्र आधी अट वाचा. काही सोडतींत पहिले बक्षीस हमीचे असते, म्हणजे विकलेल्या तिकिटांतूनच निघते. काहींत छापलेल्या सगळ्या नंबरांतून निघते, आणि न विकलेल्या तिकिटावर गेले तर कुणालाच मिळत नाही. दुसऱ्या प्रकारात विक्री कमी असण्याचा तुम्हाला काहीच उपयोग नाही.

हमीच्या प्रकारात, पाच लाखांपैकी दोनच लाख तिकिटे खपली, तर एक कोटीचा वाटा तिकिटामागे २० ऐवजी ५० रुपये पडतो. तरीही लहान-मोठी बक्षिसे मिळून ७३ रुपयेच होतात. एक कोटीवरचा कर धरला (प्रश्न ११), तर हातात ६५.६८ लाख येतात. तिकिटाला शंभर रुपयांची किंमत यायला पाच लाखांतली जेमतेम ८५ हजारच खपलेली असावी लागतात, आणि यात लहान बक्षिसांवरचा कर धरलेलाच नाही. विक्रीचा आकडा सोडतीआधी गिऱ्हाईकाला कळत नाही. शिवाय तुम्ही घेतलेला गठ्ठाही विक्रीतच मोजला जातो.

९. अमुक स्टॉलवर नेहमी लागते, किंवा अमुक आकडा बरेच दिवस आला नाही. त्यावरून घ्यावे का?

नाही. ज्या स्टॉलवर जास्त तिकिटे खपतात तिथे जास्त बक्षिसे लागलेली दिसणारच. सोडतीच्या यंत्राला मागचा आठवडा आठवत नाही.

१०. गठ्ठा घेतला तर स्टॉलवाला दहा टक्के सोडतो. मग परवडेल ना? की एजन्सीच घ्यावी?

शंभराचे तिकीट नव्वदला मिळाले तरी त्यातून सरासरी ४३ रुपयेच येणार. हिशेब जमायला सूट ५७ टक्के हवी. सूट मोठी दिसली तर तिकिटावर राज्याचे नाव, बोधचिन्ह, सोडतीची तारीख आणि बारकोड नीट पाहा. जुन्या सोडतीची किंवा बनावट तिकिटे अशीच खपवली जातात.

एजन्सी हा वेगळा धंदा आहे. त्यात कमाई तिकीट विकण्यातून होते, जवळ ठेवण्यातून नाही. न खपलेली तिकिटे परत घेतली जातात का, आणि सोडतीच्या किती तास आधीपर्यंत, हे लेखी घ्या. परत होत नसतील तर उरलेली पुस्तके तुमच्याच गळ्यात पडतात, आणि मग एजंट नाइलाजाने गठ्ठा घेणारा गिऱ्हाईक होतो.

११. कर किती कापतात? हरलेल्या तिकिटांचा खर्च वजा मिळतो का?

खर्च वजा मिळत नाही, आणि घाऊक घेणाऱ्याला हेच सर्वांत महागात पडते. लॉटरीच्या बक्षिसावर सरळ ३० टक्के आयकर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. इतर उत्पन्नाला मिळणारी करमुक्त मर्यादा इथे चालत नाही. वर्षभरात पाच लाखांची तिकिटे घेतली आणि दोन लाखांची बक्षिसे लागली, तर प्रत्यक्ष तोटा तीन लाखांचा. तरीही दोन लाखांवर ६२,४०० रुपये कर लागू होतो.

बक्षीस १०,००० च्या वर असेल तर देणाराच ३० टक्के टीडीएस कापतो. त्याखाली कापत नाहीत म्हणून कर नाही असे समजू नका, तेही विवरणपत्रात दाखवायचे असते. पाच लाखांच्या बक्षिसावर टीडीएस दीड लाख कापला जातो. उपकराचे सहा हजार तुम्ही वेगळे भरायचे. एकूण उत्पन्न ५० लाखांच्या पुढे गेले की अधिभार लागतो. बरोबर एक कोटीवर कर ३४.३२ लाख होतो, त्यातले ३० लाख आधीच कापलेले असतात. उरलेल्या ४.३२ लाखांची आठवण न ठेवता सगळे पैसे खर्च करणारे पुढे व्याजासह भरतात.

काही राज्यांत एजंटाचे कमिशनही बक्षिसातूनच जाते. केरळच्या २५ कोटींच्या तिरुओणम बंपरमध्ये १० टक्के म्हणजे अडीच कोटी कमिशन वजा होते, उरलेल्या साडेबावीस कोटींवर पावणेसात कोटी टीडीएस जातो आणि हातात १५.७५ कोटी येतात. अधिभार आणि उपकर त्यानंतर.

१२. ऑफिसातले दहा जण मिळून घेतो. काय काळजी घ्यावी?

घ्यायचीच असतील तर ही रीत आम्हाला सर्वांत पटते, पण वर्गणी काढून गठ्ठा घेण्यासाठी नव्हे, तर प्रत्येकाचा खर्च कमी करण्यासाठी. जुलै २०२३ मध्ये केरळात परप्पनंगडी इथल्या, घरोघरचा कचरा गोळा करणाऱ्या हरित कर्म सेनेच्या अकरा स्त्रियांनी पैसे जमवून २५० रुपयांचे एकच मान्सून बंपर तिकीट घेतले आणि दहा कोटी जिंकले. त्यांच्या हातात गठ्ठा नव्हता.

काळजी अशी: सोडतीआधी कागदावर नावे, प्रत्येकाची रक्कम आणि तिकिटांचे नंबर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या. तिकिटांच्या दोन्ही बाजूंचे फोटो गटात पाठवा. मूळ तिकिटे कुणाकडे आहेत तेही लिहा. त्या आठवड्यात ज्याने पैसे दिले नाहीत तो त्या सोडतीत नाही, हे आधीच ठरवा. भांडणे बहुतेक यावरूनच होतात. बक्षीस लागले तर दावा करतानाच सर्वांची नावे, पॅन आणि वाटे लेखी द्या. एकट्याच्या नावावर रक्कम घेऊन मागाहून वाटली, तर सगळे उत्पन्न त्याचेच दिसते आणि नको असलेला अधिभारही लागू शकतो.

१३. दोनशे तिकिटे तपासायची कशी? मागच्या वेळी एक राहून गेले.

घेतल्या दिवशीच सिरीजप्रमाणे लावा, मग शेवटच्या दोन आकड्यांच्या क्रमाने. प्रत्येकाच्या मागे नाव आणि सही करा. निकाल राज्याच्या अधिकृत संकेतस्थळावरून किंवा राजपत्रातून घ्या. मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोत एखादा आकडा चुकलेला असतो. आधी पूर्ण नंबराची बक्षिसे पाहा, मग चार आकड्यांची, शेवटी दोन आकड्यांची. लागलेली बाजूला काढून उरलेला गठ्ठा दुसऱ्या माणसाकडून पुन्हा तपासून घ्या. राहून जाते ते सहसा ५०० चे, कारण त्या शंभर नंबरांच्या यादीवरून डोळा घसरतो.

पावसाळ्यात तिकिटे खिशात ठेवू नका. भिजून बारकोड पुसला की दावा अडतो. आणि लागलेल्या तिकिटाचा पूर्ण फोटो कुठेही टाकू नका.

१४. गोव्यात घेतलेली तिकिटे बेळगाव-कारवारच्या नातेवाइकांना विकता येतील का?

नाही. कर्नाटकाने २००७ पासून लॉटरी बंद केली आहे. १९९८ च्या केंद्रीय लॉटरी कायद्याने कोणत्याही राज्याला इतर राज्यांच्या तिकिटांना मज्जाव करता येतो, आणि कायदा मोडून चालवलेल्या लॉटरीची तिकिटे विकणारा तसाच घेणाराही दोन वर्षांपर्यंतच्या कैदेला पात्र ठरतो. गोव्यात कोणत्या योजना चालू आहेत याची खात्री पणजीच्या अल्पबचत व लॉटरी संचालनालयात करता येते. आकड्यांचा मटका हा यातला भाग नाही. तो सरळ जुगार आहे. एका आकड्यावर बक्षीस ठेवायला तर हा कायदा सरकारी लॉटरीलाही परवानगी देत नाही.

१५. भाऊ दुबईला आहे. इथून पैसे पाठवून त्याच्याकडून तिकडची तिकिटे घेतली तर?

लॉटरीच्या तिकिटांसाठी भारतातून परदेशी पैसे पाठवायला परकीय चलनाच्या नियमांत बंदी आहे. कारण वेगळे लिहून पाठवणे हा आणखी एक गुन्हा. भावाने तिथल्या कमाईतून स्वतःसाठी घेतले तर तो त्याचा प्रश्न. दुबई ड्यूटी फ्रीच्या दहा लाख डॉलरच्या सोडतीत एका सिरीजला पाचच हजार तिकिटे असतात, प्रत्येकी १,००० दिरहॅमची. पाच हजारांत एक ही संधी फार मोठी वाटते, पण हिशेब करा: ५० लाख दिरहॅमच्या तिकिटांवर बक्षीस सुमारे ३६.७ लाख दिरहॅमचे, म्हणजे रुपयाला ७३ पैसे. आपल्या उदाहरणापेक्षा चांगले, तरी तोट्याचेच.

१६. व्हॉट्सअॅपवर "तुम्हाला २५ लाख लागले, आधी कर भरा" असा निरोप आला आहे.

फसवणूक आहे. न घेतलेल्या तिकिटाला बक्षीस लागत नाही, आणि कर बक्षिसातून कापतात, आधी मागत नाहीत. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० वर तक्रार करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता जास्त असते.

१७. वडील पगारातले अर्धे पैसे तिकिटांवर घालवतात. गणित सांगून ऐकत नाहीत.

गणिताने हे सुटत नाही, म्हणून त्यांच्याशी आकड्यांवरून वाद घालू नका. गेलेले भरून काढायला पुढचा गठ्ठा घेतला जात असेल, घरी लपवले जात असेल, सोसायटीचे किंवा सोन्यावरचे कर्ज काढले असेल, तर हे व्यसन समजून मदत घ्या. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत बोलता येते, आणि बांबोळीच्या मनोरुग्णालयात घरचा माणूस एकटाही सल्ल्याला जाऊ शकतो. तोवर त्यांचे कर्ज परस्पर फेडू नका. घरखर्चाची रक्कम पगाराच्या दिवशीच वेगळ्या खात्यात जाईल अशी सोय करा.

१८. मग तुमच्या मते किती घ्यावीत?

मजा म्हणून घ्यायचे तर बंपरचे एक. पहिल्या तिकिटाने संधी शून्यातून काहीतरी होते. दुसऱ्यापासून पुढे संधी वाढते, पण खर्च आणि सरासरी तोटाही त्याच गतीने वाढतो. कर्ज फेडायला, लग्नाला किंवा घराला लागणारे पैसे उभे करायला एकही नको.

१९. मुदत संपल्यावर कपाटात लागलेले तिकीट सापडले तर?

दाव्याची मुदत प्रत्येक राज्य ठरवते आणि ती तिकिटाच्या मागे छापलेली असते. केरळात ती ३० दिवस आहे. मुदत उलटली की १९९८ च्या कायद्याप्रमाणे रक्कम राज्य सरकारची होते. एक-दोन दिवसच उलटले असतील तर मूळ तिकीट आणि उशिराचे कारण, रुग्णालयाचे कागद असल्यास तेही, घेऊन त्या राज्याच्या लॉटरी कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तिकीट चिकटपट्टीने जोडू नका, फाटलेले असेल तर सगळे तुकडे पाकिटात तसेच न्या.